वरचा कप्पा

मास्तरांनी कापडाचे दोन तुकडे तिच्यापुढे सरकवले.

"सांगा ताई, गडद कुठला?"

"डावीकडचा. आणि जरा निळसर मारतोय."

"शाब्बास!" म्हणत त्यांनी रंगाच्या भांड्यात पिवळ्याचे थेंब सोडले.

ती मनातल्या मनात चरफडली. आणखी एक परीक्षा! कापड रंगवण्याच्या या कारखान्यातली तिची ही चौथी फेरी. आधी फोनवर मुलाखत, मग लेखी परीक्षा, मग साहेब बाहेरगावी म्हणून नुसताच हेलपाटा, आणि दर वेळी तेच, कळवतो. कळवतो म्हणे! नोकरी सुटल्यापासून ती भावाकडे राहत होती. दादा कधी काही बोलला नाही. वहिनी मात्र आज दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आज काय ते होऊन जाऊ दे गं बाई." त्या घरात आता रिकाम्या हाताने शिरवणार नव्हतं.

"मास्तरांजवळ बसा, त्यांचं काम बघा, मग बोलू," एवढंच ऑफिसातल्या मॅडमनी आज सांगितलं होतं.

मास्तर भलतेच खुशीत होते. गिऱ्हाइकाच्या नमुन्याला रंग जुळवण्यात त्यांची हयात याच खोलीत गेली होती.

"कधीपासून मदतनीस मागतोय," ते म्हणाले. "आता कुठे जाग आली यांना. बरं, हे बघा. जुळलं?"

"आता हिरवट झालंय."

"असं?" त्यांनी तुकडा खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला. "हो हो. हिरवटच."

त्या 'असं'पाशी ती अडखळली. पुढचा तुकडा धडधडीत वेगळा होता. ती मुद्दामच म्हणाली, "हा जुळला."

"जुळणारच! मी लावलाय रंग!" मास्तरांनी मंजुरीचा शिक्का उचलला.

"थांबा थांबा, चुकलं माझं," ती घाईने म्हणाली. मास्तर परीक्षा घेत नव्हते. ते खरोखरच विचारत होते.

मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मास्तरांना नीट दिसतं का?"

म्हणजे चौथी फेरी ही होती. तिला संताप आला. "त्यांनाच विचारा की!"

"विचारलं. दिसतं म्हणतात. आणि माल परत येतोय."

"पण त्यांना तर वाटतंय, मी मदतनीस..."

"जागा एकच आहे. त्यांना दिसत असेल तर उत्तमच. मग आम्हाला कुणीच नको."

तिच्या नखात पिवळा रंग अडकला होता. ती तो कोरत बसली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"नाही दिसत," ती म्हणाली. खरं तेच बोलली होती, पण तिला मान वर करवेना.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर टेबलाशी वाकून काहीतरी करत होते.

"काय म्हणाल्या? कळवतो?"

"नाही. सोमवारपासून या म्हणाल्या."

"वा वा! मला माहीतच होतं!" त्यांनी टेबलाचा वरचा कप्पा ओढून दाखवला. रिकामा केलेला, आतून फडक्याने पुसलेला. "हा तुमचा."

ती त्या कप्प्याकडे नुसती बघत राहिली.

"अपुरा पडेल होय?" मास्तर हसले, आणि खाली बसून त्यांनी दुसराही कप्पा रिकामा करायला घेतला.