ओसाकाला आधी पोचलेली सुटकेस

मित्रांनो, रस्त्यावर कमी आणि कपाटात जास्त जगलेली मी एक जुनी सुटकेस आहे. उत्तर जपानातल्या हिरोसाकीच्या एका कारागिराने मला घडवलं. कोपऱ्यांना चामडं आणि समोर दोन खटके लावले. कियोएच्या लग्नात मी तिच्या सासरी आले. नव्या जोडप्याबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात एका रात्रीचा मुक्काम झाला. तिथली मालकीण मला देखणी म्हणाली. त्यानंतर मी कपाटात गेले आणि माझ्यावर गाद्यांची चळत चढली.

त्या कपाटाचं दार कागदाचं. त्यातून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. दर हिवाळ्यात कियोएचा नवरा एइसाकू ओसाकाचा नकाशा पसरायचा. किल्ला पहिल्या दिवशी बघायचा की दुसऱ्या, यावर त्याचा चहा गार व्हायचा. सफरचंदाच्या बागेतून तो कधी लांब गेलाच नव्हता, पण बेत असा आखायचा की ओसाकाच्या महापौरानेही विचारायला यावं. कियोएचं मागणं एवढंच, की धाकट्या बहिणीच्या, मिचियोच्या ओसाकातल्या दुकानात बसून तिच्या हातचं कोबीचं जाड धिरडं खायचं.

घोडं अडायचं छपरावरच्या बर्फापाशी. तो उपसला नाही तर छप्पर बसतं. शेजाऱ्यांना सांगावं, तर प्रत्येक जण वाटखर्चाचं पाकीट घेऊन येणार. पाकीट घेतलं की येताना त्या प्रत्येकाच्या घरी खाऊचा डबा न्यायचा, ही तिथली रीत. म्हणजे सांगायची सोय नाही आणि न सांगता जायचीही नाही. शेवटी नकाशाची घडी होऊन तो माझ्याशेजारी कोंडला जायचा.

यंदा मिचियोचा फोन आला. गुडघे गेलेत, महिनाअखेरीला दुकान कायमचं बंद करतेय, ताई एकदा तरी येऊन जा, असा निरोप कियोएने नवऱ्याला सांगितला. बर्फ उतरला की बघू, एइसाकू म्हणाला. आमच्याकडे बर्फ एप्रिलपर्यंत उतरत नाही!

दुसऱ्या दिवशी तो छाटणीला गेल्यावर कियोएने मला ओढून काढलं. माझे खटके गंजून बसले होते. तिने तेल सोडलं, ठोकलं, तेव्हा ते सुटले. आधी त्याचे लोकरी कपडे भरले, मग स्वतःचे. सामान पुढे पाठवून आपण मोकळ्या हाताने जायचं, अशी तिकडे पद्धत. सामान न्यायला आलेला कुरिअरवाला म्हणजे शेजारच्या तोमेबाईंचा जावई.

"काकू, ओसाका? कुणी बोललं नाही ते!"

"तुझ्या सासूबाईंना सांगू नकोस हं," कियोए म्हणाली.

असं बजावलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते, हे ती पुरतं ओळखून होती.

मी मात्र पुन्हा कोंडले गेले, आधी गाडीत, मग मिचियोच्या दुकानात पिठाच्या पोत्यांमागे. मिचियोच्या फोनवरच्या बोलण्यातून कळत गेलं, की तोमेबाईंमागोमाग अर्धी आळी पाकिटं घेऊन आली. एइसाकू भडकलाय, सुटकेस परत मागवतो म्हणतोय. बर्फाचं काय, असं त्याने विचारल्यावर तोमेबाई म्हणाल्या, "भावजी, फावडं काय तुमच्याच घरी आहे?" तरी तो 'बघू'च म्हणत राहिला.

दुकानाचा शेवटचा दिवस उजाडला. मिचियोने एक स्टूल कुणाला बसू न देता अडवून ठेवलं होतं. दुपार कलली, गिऱ्हाइकं पांगली. पोत्यांमागून मी दाराकडे कान लावला. मला न्यायला माणूस येणार, की नुसता फोन?

दार सरकलं आणि कियोए आत आली. एकटीच.

"भावोजी?"

"स्टेशनात. तोमेबाईंना गोड बिस्किटं न्यावी की खारी, यावर अडलेत. म्हटलं, तुम्ही ठरवत बसा, मी जाते."

मिचियो पीठ कालवायला लागली. धिरडं तव्यावर उलटलं, सॉस माखून पुढे आलं. कियोएने तोंड पोळत पहिला घास खाल्ला.

"मीठ कमी आहे."

"इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने असं म्हटलं नाही, ताई."

"मी कुठे आले होते?"

मित्रांनो, खटके वापराने झिजतात खरे, पण पडून राहिले तर गंजून बसतात. तुमच्या घरातल्या सुटकेसला अधूनमधून ऊन दाखवा, तेल द्या. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं 'जायचंय' म्हणत असेल, तर ती सुटकेस भरून त्यांच्या हाती द्या.