पिकपचं नाक

"पिसन गाडी हाकी ऱ्हायंता तो, दगा. तोंडले मोहाना वास ई ऱ्हायंता. काढी टाकं मी त्याले."

चुनीलाल पाटील वर उभे राहून बोलत होते आणि मी, दगा मिस्तरी, त्यांच्या पिकपखाली पाठीवर पडलो होतो. मला त्यांची पायताणं आणि धोतराचा काठ तेवढा दिसत होता. तसं बरंच असतं. माणसाचं तोंड दिसलं नाही म्हणजे प्रत्येक वाक्याला मान हलवावी लागत नाही.

"कोनले काढं?" विचारायची गरज नसताना मी विचारलं.

"रूपसिंगले. दुसरा कोन शे? धडगावना घाटमा गाडी नालीमा घाली दिनी त्यानी. देवनी कृपा, दरीकडे नही गयी. आते तू पुढला पाटा दख, मोडना का काय."

पाटा मोडला नव्हता. एकावर एक पोलादी पाटे रचून केलेल्या, गाडीचं वजन पेलणाऱ्या पुढच्या दोन्ही कमानी शाबूत होत्या. कमानीखाली मी बसवलेले दोन लोखंडी ठोकळे होते, आणि वरून घातलेला एकेक जादा पाटा होता. सगळं जागच्या जागी. माझ्या हाताचं काम कधी सुटत नाही, हे मी फाट्यावर छाती ठोकून सांगायचो. त्या दिवशी मात्र ते सुटलं असतं तर बरं, असं वाटलं. दोन महिन्यांपूर्वीचं सगळं आठवलं. रूपसिंगने गाडी नालीत घातली नव्हती. ती मी घातली होती, घरी बसून.

विसरवाडीच्या फाट्यावर माझं कमानीचं दुकान. दुकान कसलं, चार बल्ल्यांवर पत्रे, एक भट्टी, एक ऐरण. बाप बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. मोटारी वाढल्या तसा मी पाट्यांवर आलो. सुरतेकडून, धुळ्याकडून कंबर बसलेले ट्रक यायचे. त्यांचे पाटे मी भट्टीत लाल करायचो, घण घालून पुन्हा वळण द्यायचो, पाणी पाजायचो. चौदा वर्षं हेच. जगाच्या कमानी सरळ करता करता माझी स्वतःची पाठ वाकून गेली. सकाळी उठताना बायको तापीबाईचा हात धरावा लागायचा, आणि ती हात देताना रोज म्हणायची, "गाड्यास्नं ऱ्हाऊ दे, पयले तुन्ही कमान बदल."

चुनीलाल पाटील तापीकाठचे गुजर. केळीची बाग, कपाशी, ऊस. मोठ्या लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक पिकप त्यांनी घेतली होती. केळी नंदुरबार स्टेशनवर न्यायची, आणि बाजाराच्या दिवशी मीठ-तेल-कापड घेऊन धडगावला चढायचं, हे तिचं काम. चालवायला रूपसिंग पावरा, सातपुड्यातलाच गडी. घाट त्याला घरच्या अंगणासारखा पाठ.

महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. त्या उन्हाळ्यात पाटलांच्या मुलाचं लग्न निघालं, आणि वरात पिकपमधून काढायची ठरली. पाटील गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "दगा, हाई गाडी नाक खाले घालीसन उभी ऱ्हास. बैल गुडघा टेकस तशी. नवरदेव बसाले अशी गाडी चालस का? पुढून उचल तिले. एक सारखी दिसाले जोयजे."

आमच्याकडे गाडीला जुंपलेला बैल पुढचे गुडघे टेकून बसला तर घरधनी अपशकुन म्हणून दचकतो. त्यात घरी लग्नकार्य. पाटलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं माझं. कारण गाडीचं नाक खाली का असतं हे मला ठाऊक होतं. बैलगाडी भरताना ओझं थोडं पुढे, बैलांच्या मानेवर येईल असं भरतात. मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मोटारीचंही तेच. रिकामी असताना नाक खाली, म्हणजे भरल्यावर ती सरळ होते. रिकामीलाच सरळ केली तर भरल्यावर नाक आभाळाकडे जाणार, पुढची चाकं जमिनीला नुसती शिवून चालणार.

मी एकदा म्हटलं होतं, "भाऊ, मांगे थोडं वझं टाकीसन दखूत." पाटील म्हणाले, नवरदेवाच्या गाडीत लग्नाआधी पोती टाकत नाहीत. मी गप्प बसलो. ठोकळे बसवले, जादा पाटा घातला, लांब यू बोल्ट आवळले. पितळी ताटात पाणी घेऊन टपावर ठेवलं, काठाला काठ पाणी सारखं. पाटलांनी चार माणसांत माझ्या पाठीवर थाप मारली. लग्न झालं की गाडी परत आणा, पहिल्यासारखी करून देतो, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण थाप बसलेल्या पाठीने तोंड उघडू दिलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी मनाला समजावलं असतं. पण लग्नानंतर पंधरा दिवसांनी रूपसिंग एकटाच आला होता. मी घण मारत होतो, घामाने डोळे चुरचुरत होते, दोन ट्रक उभे होते. तो म्हणाला, "मिस्तरी, तिनं स्टेअरिंग हलकं लागस. घाटमा माल भरा का हातमा राहत नही."

मी काय म्हणालो? मी हसलो. म्हणालो, "हातमा जोर नही का रे तुन्हा? भाकर कमी खास का?" ट्रकवाले पण हसले. तोही थोडं हसला आणि गेला.

गाडीखालून मी कसाबसा बाहेर आलो. पाटील समोरच्या हॉटेलात चहाला गेले होते. तापीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं? तोंड का असं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत खाली बसली. मग म्हणाली, "चोर सोडीसन संन्यासीले फाशी! मंग सांग ना पाटीलले."

"सांगू? आनि उद्या कोन माले पाटा दी? फाटावर आजून दोन मिस्तरी बठेल शेतस."

"नको सांगू मंग," ती म्हणाली. "पन रातले कूस बदलत माले जागं करू नको." आणि तांब्या तिथेच ठेवून आत गेली. या बाईशी बोलायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पाटील परत आले. सांगायचं मी ठरवलं होतं, पण वाद घालायचा दम नव्हता, म्हणून दाखवायचंच ठरवलं. रस्त्याच्या कडेला सडकेच्या कामाचे दगड पडले होते. रूपसिंगच्या जागी ठेवलेल्या नव्या ड्रायव्हरला हाताशी घेऊन मी पिकपच्या शेपटाला ते दगड भरत गेलो. पाटील विचारत होते, "काय करी ऱ्हायना दगा? डोकं फिरनं का?" मी भरत गेलो. हळूहळू गाडी मागे बसली आणि नाक वर गेलं. बाजूला उभं राहून बघितलं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

"बठा भाऊ," मी पाटलांना म्हणालो. "स्टेअरिंग फिरावा."

उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना धडधाकट माणसाला घाम फुटायला हवा. पाटलांनी एका हाताने ते इकडून तिकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"रूपसिंग पिसन नही व्हता," मी म्हणालो. "चूक मन्ही शे. त्यानी माले सांगं बी व्हतं. मी त्याले हसनू."

शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "दगा, हाई कोनले सांगू नको. मी भर पंगतमा सांगेल शे का तो पिसन व्हता. व्याहीस्ना मोऱ्हे. आते थुंकेल चाटू का मी? आनि तुन्हं बी दुकान शे. ठोकळा काढ, गाडी पयले सारखी कर. संपनं."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं, याची मला खात्री आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटलं. मी ठोकळे काढले, जादा पाटे काढले. गाडीचं नाक खाली आलं. पाटील निघून गेले, आणि त्यानंतर त्यांची गाडी पुन्हा कधी माझ्या दुकानी आली नाही.

तीन रात्री तापीबाईने सहन केलं. चौथ्या सकाळी तिनेच रूपसिंगकडे जायला फडक्यात भाकरी बांधून दिली.

चौदा वर्षं घाटात जाणाऱ्या गाड्यांच्या कमानी केल्या, पण घाट मी कधी चढलो नव्हतो. धडगावच्या बाजाराची जीप माणसांनी गच्च भरलेली. एका वळणावर जीपवाल्याने बोट दाखवलं, "पाटीलनी गाडी आठेच घुसनी व्हती." उजवीकडे नाली, डावीकडे खाली नुसती हवा. भरल्या गाडीचं तरंगणारं स्टेअरिंग हातात धरून, त्या माणसाने ती बरोबर नालीकडे ओढली होती. मी ज्याला भाकरीवरून हसलो होतो, त्याच्या हाताचा जोर मला तिथे कळला.

रूपसिंगचं घर टेकडीच्या माथ्यावर. चढून जाईपर्यंत माझी पाठ पार धरली होती. तो दारात बसला होता. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

"मिस्तरी, तू?" तो म्हणाला. पावऱ्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, तो पाटलांनाही तूच म्हणायचा. "आठे कसा उना?"

त्याची बायको दिवलीबाई पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि विषय कसा काढावा म्हणून विचारलं, "त्या दिन तोंडले वास कसाना व्हता रे?"

तो कंटाळलेल्या आवाजात सांगत गेला. त्या सकाळी घरी देवाची पूजा होती. देवाला मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची, मग सगळ्यांनी प्यायची, अशी रीत. गाडी न्यायची म्हणून तो प्याला नाही, धार सोडली आणि नुसतं बोट ओठाला लावलं. तेवढ्याचा वास. मालकाने पिला म्हणून काढला. आणि पाड्यावरचे लोक म्हणायला लागले, देवाची दारू ओठाला लावून टाकून दिलीस, देव रागावला, म्हणून गाडी घसरली. घरचा म्हातारा तर तेव्हापासून त्याच्याशी धड बोलला नव्हता.

"पिना म्हनीसन तठे गुन्हेगार, पिना नही म्हनीसन आठे," रूपसिंग म्हणाला. "आते माले बी वाटस, मन्हंच काही चुकनं व्हयी."

मला राहवलं नाही. "तुन्हं काहीच चुकनं नही," मी म्हणालो. "देव बी रागावना नही. गाडी मी बिघडाई. पुढून उचली दिनी, उलाळ करी टाकी. तू सांगाले उना, मी हसनू. पाटीलले मी सांगेल शे, पन तो तुले परत घेवाव नही. मी तुन्हा पाय धरस."

मी खरंच वाकलो. त्याने डाव्या हाताने मला थांबवलं. रागावला नाही, रडला नाही. नुसतं म्हणाला, "थांब." त्याने दिवलीबाईला हाक मारली, ती आल्यावर मला म्हणाला, "आते परत सांग. तिना मोऱ्हे."

मी परत सांगितलं. त्याने बाजूच्या टेकडीकडे हाक दिली. दोन माणसं चढून आली, त्यांच्या मागून एक बाई आली. त्यांच्यासमोर सांगितलं. त्यांना माझी अहिराणी अर्धीच कळत होती, म्हणून उलाळ म्हणजे काय ते मातीत काडीने गाडी काढून दाखवलं. त्यातला एक जण हात कपाळावर मारून काहीतरी बोलला. दिवलीबाईने पदर डोळ्यांना लावला.

शेवटी म्हाताऱ्याला धरून बाहेर आणलं. चैत्या त्याचं नाव, रूपसिंगचा बाप. त्याला माझी भाषा अजिबात येत नव्हती आणि कानही कमी. मी रूपसिंगला म्हणालो, "तू सांग ना त्याले, तुन्ही बोलीमा."

"मी नही," तो म्हणाला. "मी इतला दिनथीन सांगी ऱ्हायनू."

मग दिवलीबाई सासऱ्याच्या कानाशी बसली. मी एकेक वाक्य बोललो, तिने एकेक वाक्य त्यांच्या बोलीत म्हाताऱ्याच्या कानात घातलं. म्हातारा ऐकत होता, नजर मुलाच्या कामट्या बांधलेल्या हातावर. सगळं संपल्यावर त्याने काहीतरी विचारलं.

"काय म्हनस तो?" मी विचारलं.

"म्हनस, आजून एक डाव सांग," दिवलीबाई म्हणाली.

मी म्हाताऱ्याच्या जवळ सरकून बसलो, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.