चालकाशेजारची जागा

मास्तरांनी टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून पाहिलं, मग पुढच्या चाकापाशी जाऊन तेच केलं, आणि शेवटच्या चाकाजवळून उठताना गुडघ्यावर हात टेकवून क्षणभर तसेच वाकून राहिले. धाकटा पुढे झाला नाही. वडिलांना कुणी हात दिलेला आवडत नसे. हात पुढे करणाऱ्याला ते वाट सोडायला सांगत.

"टायर बरे आहेत," ते सरळ होत म्हणाले. "बाईंनी गाडीला रडवलेलं दिसत नाही."

"गाडीला नाही हो मास्तर, तुम्ही मला रडवलं होतंत," दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या दंतवैद्यबाई म्हणाल्या. "चढावर क्लच सोडताना केवढे ओरडला होतात!"

"ओरडलो नसतो तर मागच्या टेम्पोच्या मांडीवर जाऊन बसला असतात."

बाई मनापासून हसल्या. गाडी विकायची ठरली तेव्हा त्यांनी पहिला फोन मास्तरांनाच केला होता. दवाखाना आता घराच्याच तळमजल्यावर आला होता आणि गाडी पोर्चमध्ये नुसती उभी राहून म्हातारी होत होती. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी, राखी रंगाची, दारांवर एकही ओरखडा नसलेली गाडी. मास्तरांच्या हातून तयार झालेल्या माणसाची गाडी मास्तरांच्याच घरी जावी, यात बाईंना काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटत होतं.

धाकटा मात्र वेगळंच काही सांगायला आला होता.

मास्तरांनी उभी हयात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवली होती. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून शिकलं होतं; खरं म्हणजे ते अर्ध्या गावाच्या शेजारी बसले होते, पायाखाली तो जादा ब्रेक घेऊन, जो फक्त शिकवणाऱ्याच्या गाडीत असतो. स्कूल बंद झाल्यावरही त्यांनी ती गाडी घरी ठेवली आणि स्वतः चालवत राहिले. मग गेल्या महिन्यात बाजारपेठेच्या वळणावर एका मुलीच्या सायकलचं मागचं चाक त्यांच्या बंपरखाली आलं. मुलीला खरचटलंही नाही. मास्तरांनी चाक बदलून दिलं, मुलीला घरी पोचवलं आणि घरात एवढंच सांगितलं की गाडीचे ब्रेक गेलेत, आता ती विकून टाकावी. गाडी ज्या मेकॅनिकने घेतली, तो दोन दिवसांनी धाकट्याला रस्त्यात भेटला आणि सहज म्हणाला, ब्रेक तर नव्यासारखे आहेत की.

हे धाकट्याने ताईला सांगितलं, आणि ताईने ते पुन्हा त्याच्याच गळ्यात घातलं.

"त्यांच्या हातात दुसरी गाडी जाता कामा नये," ती फोनवर म्हणाली होती. "तूच सांग. मी सांगितलं की ते माझ्या नवऱ्याच्या पार्किंगवर घसरतात."

धाकटा नकाशे आखणाऱ्या कचेरीत कामाला होता. शहरातले सगळे रस्ते त्याला ठाऊक होते, पण वरून, रेषांसारखे, जिथे कुणी कुणाला आडवं येत नाही. परवाना त्याच्याकडे होता, तोही मास्तरांच्या नव्हे, पलीकडच्या आळीतल्या स्कूलमधून मिळवलेला; कारण घरच्या शिकवणीत पहिल्याच चौकात बापलेकांचा अबोला झाला होता. रात्रभर त्याने एक वाक्य घडवलं होतं. 'बाबा, आता तुम्ही गाडी चालवू नका' यातला 'नका' हा शब्द काढून तिथे काहीतरी मऊ बसवता येतं का, हे पाहत पाहत त्याला पहाट झाली होती.

मास्तरांनी बॉनेट उघडलं.

"आ करायला सांगा तिला," बाई म्हणाल्या. "कीड दिसली तर मला बोलवा." आणि आतून बोलावणं आल्यावर किल्ली धाकट्याच्या हातात देत त्या वळल्या. "एक दाढ काढायची आहे. तोवर तुम्ही दोघं चक्कर मारून या. सावकाश या, घाई नाही."

धाकट्याने मागचं दार उघडलं. मागच्या सीटच्या कडेला एक छोटी जाळी असते, तिच्यातून बॅटरीला हवा मिळते, असं त्याने वाचलं होतं. त्याने बोट फिरवलं तर कुत्र्याच्या पांढऱ्या केसांचा एक गोळाच हाती आला.

"हे काय?"

"बॅटरीचं नाक," धाकटा म्हणाला. "चोंदलंय. साफ केलं की झालं. पण बॅटरी तापत राहिली असेल तर तपासून घ्यायला हवी."

मास्तरांनी त्या गोळ्याकडे आणि मग मुलाकडे पाहिलं. "बराच अभ्यास केलायस," ते म्हणाले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

तो हात धाकट्याने पाहिला. वाक्य घशापर्यंत आलं. त्याने किल्ली दिली.

मास्तर बसले, सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे जुळवले, पट्टा लावला, आणि समोरचं बटण असं दाबलं जसं एखाद्या अनोळखी घराची घंटा दाबावी. काहीच ऐकू आलं नाही.

"सुरू झाली?"

"झाली."

"मग बोलत का नाही?"

"हळू असते तेव्हा बॅटरीवरच चालते, बाबा."

"म्हणजे तुझ्यासारखीच," मास्तर म्हणाले, आणि गाडी फाटकाबाहेर निघाली.

ते फार सुंदर चालवत होते. हेच तर अवघड होतं. वळणाआधीचा वेग, हातांची ती संथ, गोल फेक, पादचाऱ्याला मानेने दिलेली वाट. लहानपणी धाकटा मागच्या सीटवरून हे हात पाहायचा आणि त्याला वाटायचं, जगात यांच्या हातून काही चुकूच शकत नाही. आताही तसंच वाटत होतं. तरीही त्याने दाराचं हँडल धरून ठेवलं होतं.

चौकात सिग्नल लाल झाला. गाडी थांबली आणि इंजिन आपणहून गप्प झालं. मास्तरांच्या भुवया आक्रसल्या. वर्षानुवर्षं अशी शांतता म्हणजे एकच गोष्ट होती: शिकाऊ माणसाने क्लच चुकवला, गाडी बंद पडली. त्यांचा हात विचाराआधीच गेला आणि त्यांनी बटण दाबलं. स्टिअरिंगमागचा आकड्यांचा पडदा काळा झाला. गाडी आता खरोखरच बंद झाली होती. तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि मागून हॉर्नचा एकच गलका उठला.

"ब्रेकवर पाय ठेवून पुन्हा दाबा," धाकटा म्हणाला. "बंद पडली नव्हती ती. उभी राहिली की इंजिन विश्रांती घेतं."

शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "आजोबा, शिकून घ्या आधी!"

मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं आणि चौक ओलांडला. कानशिलं लाल झाली होती.

"आधी सांगायचंस ना," ते म्हणाले.

"सांगणार होतो."

"तू नेहमीच सांगणार असतोस."

पुढे रस्ता झाडांखालून जात होता. ऊन आणि सावली काचेवरून आळीपाळीने सरकत होती, त्यामुळे समोरचं सगळं उमटत होतं आणि पुसलं जात होतं. शाळेच्या भिंतीला लागून पांढऱ्या पट्ट्यांचं क्रॉसिंग होतं. एका बाईने बाबागाडी ढकलत पट्ट्यांवर पाऊल टाकलं. गाडीचा वेग तसाच राहिला. धाकट्याचा पाय समोरच्या पायपुसणीवर आपोआप रुतला, मांडीपर्यंत ताठ, आणि पुढच्याच क्षणी गाडी कचकन थांबली. पट्टा छातीवर आवळला. बाई पलीकडे गेली. तिने साधं वळूनही पाहिलं नाही, इतकं अंतर होतं. काहीच घडलं नव्हतं.

मास्तरांनी इंडिकेटर लावून गाडी कडेला घेतली. इंजिन थांबलं. जुन्या गाडीत अशा वेळी निदान घरघर असायची, माणसाला तिच्याआड बसता यायचं. इथे दोघांचे श्वास ऐकू येत होते.

"तिथे ब्रेक नाही, धाकट्या."

"हो. चुकून गेला पाय."

"चुकून नाही जात." मास्तरांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर, जसेच्या तसे होते. "त्या जागेवर मी जन्म काढलाय. चालवणाऱ्याला समोरचं दिसलेलं नाही अशी खात्री झाली, की तो पाय खाली जातो. तोवर नाही जात."

धाकट्याने पाय मागे घेतला.

"मला ती बाई दिसली नव्हती," मास्तर म्हणाले. आवाजात ना तक्रार होती, ना खेद. गाडीत काय बिघडलंय ते मेकॅनिकला सांगावं तसा होता. "डोळ्याच्या कोपऱ्यात तुझा पाय हलला, तो दिसला. म्हणून मी ब्रेक दाबला. बाई मला नंतर दिसली."

शाळेतून मुलांचा गलबला ऐकू आला आणि विरला. रात्रभर घडवलेलं वाक्य धाकट्याच्या तोंडात होतं, पण आता ते कुणालाच नको होतं. इतक्या दिवसांचं ओझं दुसऱ्याच माणसाने हलकेच उचलून खाली ठेवावं, तसं त्याला झालं. डोळ्यांत पाणी येईल की काय या भीतीने त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"मी चालवू?" त्याने विचारलं.

"मग काय, ढकलत नेणार आहेस?"

दोघे उतरले, गाडीला वळसा घालून एकमेकांसमोरून गेले. बॉनेटपाशी मास्तरांचा खांदा त्याच्या खांद्याला किंचित लागला. धाकट्याने बसून सीट मागे सरकवली, आरसे जुळवले. मास्तरांनी पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले.

निघाल्यावर काही वेळ ते फक्त पाहत होते.

"आरसा," ते एकदा म्हणाले.

धाकट्याने आरसा पाहिला.

थोड्या वेळाने, "त्या पलीकडच्या आळीवाल्याने बरं शिकवलंय. हात जरा ढिले आहेत, पण नजर लांब ठेवतोस." मग जरा थांबून, "मला वाटलं होतं तो निव्वळ फी घेतो."

धाकट्याला हसू आलं. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं.

"तू सांग," ते म्हणाले. "घ्यायची का?"

असं त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. शाळेपासून बुटांपर्यंत सगळं ठरवून मगच घरात जाहीर व्हायचं. धाकट्याने उत्तर द्यायला पुढच्या वळणापर्यंतचा वेळ घेतला.

"ब्रेक फारसे झिजलेले नसणार. हिचा वेग कमी होताना विजेची मोटरच तिला आवरते. पेट्रोल कमी लागेल. राहिली बॅटरी, ती वर्कशॉपमध्ये दाखवू, चांगली निघाली तर..." तो थांबला. "घेऊ. मला आवडली."

"मग घेऊ."

पोर्चमध्ये बाई हातमोजे काढत वाट पाहत होत्या. त्यांचा पांढरा कुत्रा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून मागच्या दाराशी बसला.

"कशी वाटली, मास्तर, चालवायला?"

"मला काय विचारता? चालवणाऱ्याला विचारा."

बाईंनी आधी मास्तरांकडे आणि मग चालकाच्या दारातून उतरणाऱ्या धाकट्याकडे पाहिलं. तोंड उघडलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आजच घेऊन जा. बॅटरी हव्या त्या माणसाला दाखवा. समाधान झालं की बाकीचं बोलू. तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?"

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला.

"सांगितलंस?" ताईने थेट विचारलं.

"नाही."

"अरे, मग?"

"गाडी घेतोय."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मी चालवणार आहे, ताई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिला म्हणावं," मास्तर कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवत मोठ्याने म्हणाले, "चोरून चौकश्या बंद कर आता. आणि जावयाची गाडी भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायला सांग."

बाईंचा निरोप घेऊन निघताना धाकट्याने पोर्चमध्ये ठेवलेली आपली पिशवी उचलून मागच्या सीटवर टाकली आणि वडिलांसाठी शेजारची जागा मोकळी ठेवली. पण मास्तर त्या दाराशी थांबले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, पिशवी पलीकडे सारली आणि आरामात टेकून बसले.

"पुढे नाही बसणार?"

"कशाला?" मास्तर म्हणाले. "चल."

धाकट्याने आरसा किंचित खाली केला. त्यात वडिलांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. ते मान वळवून कडेला पाहत होते. गच्च्या, दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी खिडकीतली कुंडी. गाडी आवाज न करता बाजारपेठेतून सरकत होती.

"ही गुलाबी इमारत कधी झाली रे इथे?"

"बरीच वर्षं झाली, बाबा."

"असं?" मास्तर म्हणाले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून तिच्याकडे पाहत राहिले.