मल्लय्याची पंगत

सटवाजीला वडारांची बोली कळत नव्हती असं कोणी म्हणालं, तर खुशाल खोटं समजा. पुसेगावच्या मळ्यात विहीर खोदताना चार महिने तो वर दोर धरून उभा होता आणि मल्लय्या वडार खाली दगड फोडत होता. आपल्यात चालू म्हणजे थांबायचं नाही; मल्लय्याच्या तेलंगीत चालू म्हणजे पुरे. खालून "चालू" आलं की सटवाजी दोर सोडायचा थांबे. एकदा चुकला नाही गडी! दुपारी मल्लय्याच्या पालात नागम्माच्या हातचं आंबट कालवणही ओरपायचा, घरी पत्ता लागू न देता.

पाणी लागलं तसं सटवाजीच्या बापानं, उकंडरावानं, पुरणपोळीचं जेवण घातलं. मल्लय्याची पंगत अर्थातच वेगळी, गोठ्याजवळ, एकट्याची. सहा पोळ्यांनंतर मल्लय्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. "चालू, चालू."

आडवा हात कळायला बोली कशाला लागते? पण चुलतभाऊ रामकिशनला गंमत पाहिजे होती. "चालू म्हणून राहिला, वाढा!" पोरं खिदळली. आणि मल्लय्या वाढलेलं टाकायचा नाही. दुष्काळात पोटचं लेकरू भुकेनं गेलेला माणूस तो. मराठी येत होती, पण मालकाच्या पोरांपुढं ती जिभेवर येईना; घाम पुसत खात राहिला आणि सारखा सटवाजीकडं बघत राहिला.

उकंडरावाला शंका आली. "सटवाजी, तू याच्यासंगं होतास. खरंच मागून राहिला का हा?"

एवढं "न्हाई" म्हणायचं होतं! पण बोली कळते म्हटलं की पालातलं जेवणही उघडं पडणार. सटवाजी म्हणाला, "मला काय म्हाईत? मागतच असंल." वर हातातली एक पोळी स्वतः वाढली. मल्लय्यानं तीही खाल्ली, पण मग मान वर केली नाही.

सकाळी सटवाजी पालावर गेला. ओकून ओकून मल्लय्या निपचित पडला होता. नागम्मा अंगावरच आली. "तू व्हतास ना तिथं? काहून नाही सांगितलं?"

सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मल्लय्या कोपरावर उठला आणि सटवाजीला जणू तेलंगी कळतच नाही अशा थाटात मराठीतच बायकोला म्हणाला, "त्याला बोलू नको. तो पंगतीत नव्हता. बैलं पाजायला गेलता."

नागम्मा वरमली. "चुकलं बाबा," म्हणाली आणि सटवाजीपुढं भाकर ठेवली. सटवाजीनं ती मुकाट्यानं खाल्ली.