पुराव्यातली टोपली

सान लासारोला हुतात्मा हवा होता. शेजारच्या गावाकडे दोन होते, शिवाय पोहण्याचा तलाव. तलावाला पाणी लागतं, म्हणून कमिटीने हुतात्मा पसंत केला. प्लासिदो रुइलोवा. आजोबांच्या पिढीत याने गव्हर्नर मेआयाला त्याच्याच कचेरीत गोळी घातली होती. ब्राँझचा पुतळा तयार झाला. नुसत्या छातीला जेवढं ब्राँझ लागलं, तेवढ्यात खरा प्लासिदो आणि त्याचं खेचर दोघं आरामात बसले असते.

झुलेमा कुएयारला छातीचं काही नव्हतं. तिला डाचत होती ती खालच्या संगमरवरावरची शेवटची ओळ: ‘न्हावी कासिमिरो कुएयार याच्या फितुरीमुळे पकडला गेला.’ कासिमिरो तिचे आजोबा. त्यांचंच सलून ती चालवायची, आणि ते चौकात पुतळ्याच्या बरोब्बर समोर होतं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ती ओळ आरशात उलटी दिसणार होती. पण सान लासारोच्या लोकांना दुसऱ्याची बदनामी उलटीही वाचता येते.

अनावरण गुरुवारी होतं, कोंपाद्रेंच्या गुरुवारी. कार्निव्हलच्या आधीच्या या दिवशी जो तो केकची टोपली पाठवतो. तुमची टोपली ज्याने घेतली तो तुमचा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ. बाई असेल तर कोमाद्रे. त्यानंतर एकमेकांच्या घराण्याबद्दल चारचौघांत वाकडा शब्द काढायचा नाही. घरात काढतात.

सोमवारी दुकान बंद ठेवून झुलेमा कोर्टाच्या जुन्या दप्तरखान्यात गेली. तिथली कारकून दोन्या निल्दा, म्हणजे निल्दाबाई, स्वेटर विणत बसली होती. तिला निवृत्त व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि स्वेटरला एक बाही.

“रुइलोवाचा खटला? बाई गं! कमिटीवाल्यांनी नाही मागितला अजून.”

“वाचला नाही त्यांनी?”

“वाचला असता तर तलाव बांधला असता,” निल्दा म्हणाली आणि गठ्ठा आपटला. धूळ दोघींच्या नाकात गेली.

गावाची कथा अशी होती: प्लासिदोने जुलमाला गोळी घातली, डोंगरात लपला, न्हाव्याने दगा दिला, आणि गोळीबाराच्या भिंतीसमोर तो ‘स्वातंत्र्य!’ असं ओरडून मेला. झुलेमाने पहिलंच पान उलटलं. तुरुंगाच्या डॉक्टरचा दाखला होता. कैदी अर्धवट पिकलेले पीच प्रमाणाबाहेर खाऊन पोटाच्या विकाराने वारला. शेवटचे शब्द: ‘अजून आहेत का?’

त्याखाली हुतात्म्याचे अर्ज. मिशांना लावायचं मेण मिळावं. फोटो डाव्या बाजूने काढावा. शेजारचा दरोडेखोर गिटार बेसूर वाजवतो, त्याला दुसरीकडे हलवावं, नाहीतर मला; आणि मलाच हलवणार असाल तर उन्हाकडची खोली द्यावी.

“जुलमाबद्दल काहीच नाही?” झुलेमाने विचारलं.

“आहे की. सूप पातळ असतं, हा जुलूम आहे, असं लिहिलंय बघ.”

मग खुद्द खटल्याची पानं लागली. त्या वर्षी कोंपाद्रेंच्या गुरुवारी प्लासिदोने बायकोकडून केक करवून घेतला आणि गव्हर्नरला पाठवला. गव्हर्नरचा कोंपाद्रे झालं की मीठ विकायचा परवाना मिळतो, असं त्याने ऐकलं होतं. गव्हर्नरने फडकंही उचललं नाही. त्याला आपल्या न्हाव्याला काहीतरी द्यायचं होतं. त्याने टोपली तशीच कासिमिरोकडे धाडली. कासिमिरोला शेजाऱ्याला काहीतरी द्यायचं होतं. त्याने टोपली तशीच नेऊन शेजाऱ्याच्या, म्हणजे प्लासिदोच्या दारात ठेवली. वर ऐटीत सांगितलं, “खास गव्हर्नरसाहेबांकडून आलीय, बरं का!”

प्लासिदोने फडकं उचललं. आत त्याचाच केक होता.

झुलेमाने डोळे मिटले. “आजोबा, एक तुकडा तरी खायचा होतात हो.”

प्लासिदो टोपली घेऊन कचेरीत गेला, ती टेबलावर ठेवली, गोळी घातली आणि पळाला. पुढे पहारेकऱ्याची साक्ष होती. झुलेमाने ती मोठ्याने वाचली. “आरोपी संध्याकाळी आपण होऊन फाटकाशी आला. म्हणाला, आत टोपली राहिलीय, बायको घरात घेत नाही. मी म्हटलं, गव्हर्नरला तूच मारलंस ना? तो म्हणाला, हो, पण टोपली माझी आहे.”

म्हणजे फितुरी नव्हतीच. हुतात्मा स्वतःच्या पायांनी टोपलीसाठी परत आला होता.

गठ्ठ्यातली उरलेली पानं त्याच्या बायकोची होती. सगळ्या अर्जांत एकच मागणी. नवरा ठेवा, टोपली द्या. पुरावा म्हणून जमा झालेली टोपली दप्तरखान्यातच होती, वेताची, कडेला लाल दोरा विणलेली. निल्दा तिच्यात लोकर ठेवायची.

डॉक्टर फ्रोइलान रुइलोवा हा प्लासिदोचा नातू आणि कमिटीचा अध्यक्ष. तो वकील होता. सान लासारोत वकिलालाही डॉक्टर म्हणतात, त्याने रोगी कमी होत नाहीत. झुलेमाने मंगळवारी त्याच्यासमोर नकला ठेवल्या. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, चष्मा काढला आणि हसला.

“झुलेमिता, हे सगळं खरं आहे.”

“मग ओळ काढा.”

“खरं आहे म्हणूनच अडचण आहे. हुतात्मा पकडला जायला दगाबाज लागतो. दगाबाज काढला तर काय उरतं?”

“टोपली.”

“मी काय टोपलीचा पुतळा उभारू?”

“छातीचं ब्राँझ तरी वाचलं असतं.”

“हे बघ, पोरी, तुझ्या आजोबांचं नाव निदान संगमरवरावर येतंय. माझ्या आईच्या माहेरच्यांचं कुठेच नाही. उपकार मान जरा.” त्याने नकलांवर कॉफीचा कप ठेवला आणि विषय संपवला.

झुलेमा परत दप्तरखान्यात आली. पुरावा खरा ठरूनही तिच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. ती टोपलीकडे बघत बसली.

“दोन्या निल्दा, त्या बाईच्या अर्जाचं काय झालं?”

“प्रलंबित.”

“आज मंजूर करता येईल?”

निल्दाने सुया खाली ठेवल्या. शेवटच्या अर्जावर शिक्का मारून लिहिलं: ‘मंजूर. वस्तू वारसाच्या हाती द्यावी.’ मग लोकर काढून घेतली.

गुरुवारी चौक भरला. बँड वाजला, बिशपच्या माणसाने पुतळ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, डॉक्टर फ्रोइलानने फडक्याच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात झुलेमा पायऱ्या चढून वर आली. हातात लाल दोऱ्याची टोपली, आत तुळशीच्या डहाळ्या लावलेला केक.

“डॉक्टर, तुमच्या आजीची टोपली. कोर्टाने सोडली. आणि त्यात माझ्याकडून गुरुवारचा केक.”

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना पुढे काढून बघू लागल्या. या दिवशी आलेली टोपली गावादेखत नाकारणारा माणूस सान लासारोत पुन्हा निवडून येत नाही, आणि डॉक्टरला महापौर व्हायचं होतं. त्याने हातातली दोरी सोडली नाही.

“घे की रे!” मागून कोणीतरी ओरडलं. “केक चावत नाही!”

त्याने टोपली घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्यांना कारण लागत नाही.

“आता मी तुमची कोमाद्रे,” झुलेमा मोठ्याने म्हणाली. “तेव्हा माझ्या घराण्याबद्दल दगडावर काही वाकडं लिहिलं असेल तर...”

म्हाताऱ्या डॉक्टरकडे वळल्या. पाथरवटाला बोलावणं गेलं. नव्या कोऱ्या संगमरवरावर छिन्नी चालली, आणि पुतळ्याचं अनावरण दुपारी झालं. शेवटच्या ओळीच्या जागी खड्डा होता. प्लासिदो रुइलोवा कसा पकडला गेला, हे आता दगड सांगत नव्हता. कोणी विचारलंही नाही. कोर्टाच्या साक्षीने जे हललं नाही ते साखर-मैद्याने हलवलं. या गावाला इतिहास शिकवायचा तर भट्टीतून काढून शिकवावा, असं झुलेमाच्या मनात आलं आणि तिने तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी डॉक्टरचा ड्रायव्हर सलूनच्या दारात आला. “डॉक्टरसाहेबांनी कोमाद्रेसाठी परतभेट पाठवलीय. खास.”

लाल दोऱ्याची टोपली. झुलेमाने फडकं उचललं. केकच्या कडेला तिच्याच अंगठ्याचा ठसा होता. सकाळी ताटलीतून काढताना उमटलेला. तुळशीची एक डहाळीही हललेली नव्हती.

निल्दा खुर्चीत केस कापून घेत होती. तिने आरशातूनच पाहिलं. “देवा! तोच आहे का गं?”

“तोच.”

“मग आता?”

झुलेमाने समोर पाहिलं. आरशात संगमरवर दिसत होता, आणि त्यातला खड्डा उलटा वाचला तरी खड्डाच होता. तिने कात्री पुसली, केकचे दोन मोठे तुकडे केले आणि एक निल्दाच्या हातात दिला.

“आता खायचा,” ती म्हणाली. “आमच्या घरात एवढंच करायचं राहून गेलं होतं.”