चुडैलीची अंडी

अंबरपेठेतल्या हॉलमध्ये बाबांच्या गुरुवारच्या दरबाराला मुंगी शिरायला जागा नव्हती. नेत्रानंदबाबांनी नऊ वर्षांच्या ऋचाच्या डाव्या डोळ्यात अंगारा फुंकला, बराच वेळ मंत्र पुटपुटले आणि ओल्या कापसाने एक बुळबुळीत, पांढरट गोळी बाहेर काढली.

"देखो! चुडैल के अंडे! करणी आहे, माई. डॉक्टरला दाखवलं तर डोळा फुटेल!"

जयघोष झाला. ऋचाची आई माधवी हिनेही हात जोडले, पण तिची नजर पोरीच्या डोळ्यावरच होती. गेले काही महिने तो हळूहळू पुढे येत चालला होता आणि दर गुरुवारी ती पोरीला इथंच आणत होती. घरी परतताना ऋचाने उजवा डोळा झाकला.

"आई, या डोळ्यानं तुझं कुंकू मातकट दिसतं गं."

नवरा कुलदीप म्हणाला, "बाबांचा शब्द मोडायचा नक्को." दुसऱ्या दिवशी माधवीने त्याला न सांगताच जामबागेतल्या डॉ. नीलिमांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खोलीत अंधार केला. टॉर्च उजव्या डोळ्यावर धरला. दोन्ही बाहुल्या आकसल्या. तोच उजेड डाव्या डोळ्यावर नेला, तर बाहुल्या उलट मोठ्या झाल्या. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग औषध घालून डोळ्याचा आतला पडदा तपासला.

"उजेड डोळ्यात जातोय, पण मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. डोळ्याची नस फिकी पडलीय. मागे गाठ असावी. तीच नस दाबतेय, डोळाही पुढे ढकलतेय. एमआरआय आजच करा."

"मग ती अंडी?"

डॉक्टरांनी ऋचाची पापणी उलटून एक फुगलेलं बी चिमट्याने काढलं. "हा फालुद्यातला सब्जा. अंगाऱ्यात कोरडा मिसळायचा. आसवांनी भिजला की फुगतो. झाली अंडी!"

गाठच निघाली. उपचार सुरू झाले. दोन महिन्यांनी एका गुरुवारी माधवी पाण्याचा ग्लास घेऊन थेट मंचावर चढली आणि बाबांच्या वाटीतला अंगारा त्यात ओतला.

"शापानं भस्म होशील!" बाबा ओरडले.

"थांबा जरा," ती म्हणाली.

बघता बघता ग्लासात पांढरट गोळ्या फुगून आल्या. माधवीने ग्लास सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"पाण्यालाही करणी झाली का?" तिने विचारलं. "माझ्या पोरीच्या डोळ्यामागे गाठ होती, ती दुसऱ्या डोळ्याच्या नसेकडे सरकत होती. तो डोळा वाचला. डावा गेला, आता परत येणार नाही. गुरुवारमागून गुरुवार मी इथं हात जोडून बसले, तेवढ्या वेळात गेला. तुमच्या पोरांचे डोळे पुढे येत असतील, रंग फिके दिसत असतील, तर इथून उठा. आत्ताच उठा."

मागच्या रांगेतली एक बाई लेकराला कडेवर घेऊन उठली.