केझी शहाणी झाली

मिस पिलिंगचा फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. कौन्सिलच्या बालसेवा विभागात मुलांबद्दलचे पहिले फोन ज्या टेबलावर येतात, तिथे मी बसते. जॅनिस हवी म्हटलं की फोन माझ्याकडेच जोडून देतात.

"माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. "पण कसं सांगू कळत नाही. तिला काही झालेलं नाहीये."

"मग फोन का केलात?"

"ती फार शहाणी झालीये, म्हणून."

मुलीचं नाव केझिया. सहा वर्षांची. सगळे केझी म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ही पोरगी म्हणजे वारं प्यायलेलं वासरू. रंग सांडायची, मधेच गाणं म्हणायची, बुटांच्या नाड्या कधी बांधलेल्या नसायच्या. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा ती हाताची घडी घालून बसली, ती बसलीच. पाणी पिऊ का विचारायची, कोट घालू का विचारायची. एकदा शिंक आली तर तोंड दाबून बाईंकडे बघत राहिली.

"आणि काल चित्र काढताना रंगाचा एक थेंब टेबलावर पडला," मिस पिलिंग म्हणाली. "कुणी काही बोललं नाही हो. ती आपली आपण उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळ घेतलं तर म्हणते, अजून वेळ झाली नाही."

माझी वरिष्ठ ग्लेनिस. तिला सगळं सांगितलं. ती बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "मुलं शहाणी झाली म्हणून केस उघडायला लागलो तर आपल्याला झोप मिळायची नाही."

"भिंतीचं काय?"

ग्लेनिसचं बिस्किट चहात तुटून पडलं. ते चमच्यानं काढता काढता ती म्हणाली, "जा, बघून ये. पण कलम सतरानं. आईला विचारून."

आमच्याकडे सगळं कायद्यातल्या दोन कलमांवर चालतं. सतरा म्हणजे मुलाला मदतीची गरज आहे. घरच्यांनी हो म्हटलं तर आम्ही घरात. सत्तेचाळीस म्हणजे मुलाला धोका आहे. तिथे घरच्यांना विचारत बसायचं नसतं, पण पोलिसांपुढे टिकेल असं कारण हातात लागतं. माझ्या हातात रंगाचा एक थेंब होता.

केझीच्या आईला, शॅननला, फोन केला. येऊ का म्हटल्यावर पलीकडे काहीच ऐकू येईना. नुसती शांतता नव्हती ती. फोनवर हात ठेवल्यावर होते तशी. मग ती म्हणाली, "या. आम्हाला काही लपवायचं नाही."

लपवायचं का, असं मी विचारलंच नव्हतं.

घर समुद्राकडच्या गल्लीत होतं. दार शॅननच्या जोडीदारानं उघडलं. रसेल त्याचं नाव. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. मला बसायला उशी दिली, चहा दिला, दूध किती घालू ते विचारलं. मग समोर बसून हसत म्हणाला, "हे सतरा आहे की सत्तेचाळीस?"

इतक्या वर्षांत मला कुठल्याच घरात कुणी हे विचारलं नव्हतं. डॉक्टरांनासुद्धा समजावून सांगावं लागतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"वाचलं कुठेतरी."

शॅनन सोफ्याच्या टोकाला बसली होती, उठायच्या परवानगीची वाट बघत असल्यासारखी. मी तिला प्रश्न विचारत होते. झोप नीट लागते का, पैशांची ओढाताण आहे का, केझी घरी कशी असते. ती बरी बोलत होती. पण रसेलनं हातातला कप टेबलावर ठेवला की ती वाक्य अर्धं टाकून गप्प व्हायची. त्यानं कप उचलला की पुन्हा सुरू. आधी मला योगायोग वाटला. रसेल आधी कुठे राहायचा हे ती सांगत होती, "तिकडे पूर्वेच्या किनाऱ्यावर..." आणि कप खाली आला. मग मी तिच्याकडे बघायचं सोडून कपाकडेच बघत बसले.

केझीशी एकटीशी बोलायचं आहे म्हटलं. "अवश्य," रसेल म्हणाला.

वरची खोली लख्ख होती. खेळणी उंचीप्रमाणे मांडलेली. केझी पलंगावर बसली होती, पाय जुळवून. मी दार लोटलं आणि सवयीनं मुठीला हात घातला, तर आतल्या बाजूला मूठच नव्हती. नुसतं भोक. मी पटकन पाऊल मधे घातलं म्हणून दार लागलं नाही.

"हे काय झालं गं?"

"रसेलनं काढली."

"का बरं?"

"मला लागत नाही म्हणून."

"मग तू बाहेर कशी येतेस?"

"बोलावलं की येते."

"आणि शू आली तर?"

तिनं विचार केला. खरंच केला. गणिताचं उत्तर शोधावं तसा.

"मला येत नाही," ती म्हणाली. मग हळूच, "बरोबर सांगितलं ना मी?"

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पाय मात्र दारात तसाच ठेवला होता.

खाली आल्यावर मुठीचं विचारलं. "ढिली झाली होती," रसेल म्हणाला. माझा कोट त्यानं खुंटीवरून काढून मागे धरला, मी हात घालावेत म्हणून. "आम्हाला तुमची मदत नकोय. सतरामध्ये नको म्हणता येतं ना? आणि मिस पिलिंगना निरोप द्याल? सोमवारपासून केझी घरीच शिकेल. तेही कायद्यात बसतं."

शॅनन माझ्याकडे बघत नव्हती. ती जिन्याकडे बघत होती.

ऑफिसात येऊन मी ग्लेनिससमोर सगळं ओतलं. ती म्हणाली, "दाराला मूठ नाही म्हणून पोलीस बोलावू? या गावातल्या निम्म्या दारांना मुठी नाहीत गं."

"शाळा बंद करतोय तो. आता तिच्याकडे बघणारं बाहेरचं कुणी उरणार नाही."

ग्लेनिस बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. "पूर्वेच्या किनाऱ्यावर राहायचा म्हणालीस ना? लाव फोन तिकडच्या कौन्सिलला. स्पीकरवर ठेव."

दोन-तीन ठिकाणी हिंडून फोन एका बाईपर्यंत पोचला. रसेलचं पूर्ण नाव सांगितल्यावर तिनं विचारलं, "अजून कप खाली ठेवतो का तो?"

ग्लेनिसच्या हातातलं पेन थांबलं.

"एक मुलगा होता," ती बाई सांगू लागली. "असाच. अंगावर ओरखडा नाही. आम्हीही सतरानंच गेलो. त्यानं गोड बोलून नको म्हटलं, आम्ही केस बंद केली. पुढच्या वसंतात त्या पोराचं बोलणंच गेलं. अजून आलेलं नाही. आणि त्याची आई रसेलविरुद्ध एक शब्द बोलली नाही. आम्ही त्याला हात लावू शकलो नाही."

ग्लेनिसनं पोलिसांना स्वतः फोन केला. सत्तेचाळीस लागू झालं. सकाळी मी आणि एक हवालदारीण जायचं ठरलं.

आम्ही पोचलो तेव्हा पडदे उघडे होते, गाद्या नीट घातलेल्या, गाडी जागेवर नव्हती. शेजारची बाई कचऱ्याचा डबा ओढत म्हणाली, "उजाडायच्या आतच गेले की. पोरगी मागे बसलेली, ताठच्या ताठ. मी हात हलवला तर बघितलंही नाही तिनं."

तो सगळा दिवस मी फोनपाशी बसून काढला. बोटींचे धक्के, नातेवाईक, शेजारची कौन्सिलं, सगळीकडे कळवलं. ती भोकाची जागा आणि "बरोबर सांगितलं ना मी" एवढंच डोक्यात.

तिन्हीसांजेला पोलिसांचा फोन आला. मोटरवेवरच्या एका थांब्यावर शॅनन केझीला घेऊन बायकांच्या संडासात गेली आणि बाहेर आलीच नाही. फरशी पुसणाऱ्या बाईला म्हणाली, "बाहेर एक माणूस आमच्यासाठी थांबलाय. मला त्याच्याकडे जायचं नाही." त्या बाईनं दाराला ओल्या फरशीची पिवळी पाटी लावली, समोर बादली आडवी घातली आणि पोलिसांना बोलावलं. रसेल बाहेर चहाचे कागदी पेले घेऊन उभा होता. चहा पार गार झाला तरी. पोलिसांना म्हणाला, "माझी बायको थकलीये. तिला जरा वेळ द्या."

त्याला नेलं, विचारलं, सोडलं. शॅननच्या आणि मुलीच्या जवळ जायचं नाही असा कोर्टाचा हुकूम झाला. त्यापुढे काही सिद्ध होईना. दाराला मूठ नसणं हा गुन्हा आहे का, यावर अजून वकील बोलताहेत.

केझी आणि शॅनन आजीकडे, म्हणजे शॅननच्या आईकडे, राहायला गेल्या, दुसऱ्या गावात. पुढच्या आठवड्यात मी भेटायला गेले. केझी सोफ्यावर आजीला टेकून टीव्ही बघत होती. आजी कानानं जड, टीव्ही मोठ्यानं लावलेला. शॅनन मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"त्याला कुणी कळवलं का?" तिनं विचारलं.

"काय कळवायचं?"

"आम्ही नीट पोचलो म्हणून. काळजी करत असेल तो. जेवणखाण नीट करत नाही एकटा असला की."

"शॅनन, त्याला काही कळवायचं नाही. तू कुठे आहेस तेसुद्धा."

"हो. ठाऊक आहे मला."

"सांगितलं नाहीस ना त्याला?"

ती कपबशा पुसत राहिली. आधीच कोरड्या होत्या. ओट्यावर तिचा फोन पालथा ठेवलेला होता. तो गुरगुरायला लागला, ओट्यावरून हळूहळू सरकत कडेपर्यंत आला. तिनं तो उचलला नाही, आणि बंदही केला नाही.

"कोण आहे?"

"आई असेल," शॅनन म्हणाली.

आई बाहेर सोफ्यावर बसली होती. टीव्हीच्या आवाजातून तिचं हसू ऐकू येत होतं.

मी गाडीत जाऊन ग्लेनिसला फोन केला. अंधार पडायच्या आत दोघींचं सामान पिशव्यांत भरलं आणि त्यांना तिथून हलवलं. आजी चिडली, शॅनन वाटभर रडली, केझीनं एकही प्रश्न विचारला नाही. आता त्या कुठे आहेत ते मी कुणाला सांगत नाही. शॅननजवळ नवा फोन आहे. जुना नंबर तिला पाठ आहे, हे मला माहीत आहे.